मातीवर लिहिलेलें गाणें



गेल्या सत्रांत एका पावसाळी दुपारीं, इतिहासाचा तास संपत आला असतां, एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्हीं वर्गास एक गीत ऐकविलें. ‘जगांतील अतिप्राचीन गाणें’ अशी त्याची ख्याति. तंतुवाद्याचे ते संथ, उदास स्वर कानीं पडतांच एरवीं चुळबूळ करणारा वर्ग अगदीं स्तब्ध झाला. दुसऱ्या दिवशीं तोच विद्यार्थी त्याच गाण्याचें दुसरें ध्वनिमुद्रण घेऊन आला. चाल निराळी, लय निराळी. पहिल्याशीं कांहीं मेळ म्हणून नाहीं. “सर, यांतलें खरें कोणतें?” असें त्यानें विचारलें. त्या वेळीं आम्हांस देतां आलें तें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

राजवाड्याचा पाया उरतो, नाणें उरतें, मडक्याचें खापर तर हटकून उरतें. पण गायकाच्या कंठांतून निघालेला सूर जमिनींत राहत नाहीं. राहतात तीं वाद्यें, आणि तींही अर्धींमुर्धीं. ऊर हें नांव अब्राहामाच्या चरित्रांत आमच्या वाचकांनीं वाचलेंच असेल. इराक देशांतील ऊर येथें १९२२ पासून १९३४ पर्यंत लेनर्ड वूली या इंग्रज संशोधकानें उत्खनन केलें. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या राजघराण्यांतील थडग्यांत त्यास लायर नांवाचीं तंतुवाद्यें सांपडलीं. लांकूड केव्हांच कुजून गेलें होतें. मातींत केवळ त्याच्या आकाराची पोकळी उरली होती. वूलीनें त्या पोकळींत पातळ प्लास्टर ओतलें, तें घट्ट होऊं दिलें, आणि मग भोंवतालची माती हळूहळू काढली. अशा रीतीनें वाद्याचा सांगाडा पुनः उभा राहिला. एका वाद्याच्या अग्रभागीं सोन्याचें वृषभमुख होतें. एके ठिकाणीं तर वादिकेच्या हातांचीं हाडें वाद्यावरच पडलेलीं आढळलीं. अखेरच्या क्षणीं ती काय वाजवीत होती? हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं; पण त्याचें उत्तर सोन्याच्या बैलापाशीं नाहीं.

कोणी म्हणेल, वाद्य धातूचें आणि अखंड असेल तर तें वाजवूनच पाहावें. तसेंही झालें आहे. १९२२ मध्यें हॉवर्ड कार्टर यानें मिसर देशांत तुतानखामेन राजाचें थडगें शोधून काढलें. त्यांत दोन तुताऱ्या निघाल्या, एक चांदीची व एक कांशाची. १६ एप्रिल १९३९ रोजीं जेम्स टॅपर्न नांवाच्या ब्रिटिश लष्करी वादकानें कैरो येथील संग्रहालयांत त्या फुंकल्या, आणि बी. बी. सी. नें तो नाद आकाशवाणीवरून दूरदूरच्या देशांत पोंचविला. तें मुद्रण आजही ऐकावयास मिळतें. तेहतीसशें वर्षें मुक्या राहिलेल्या धातूस वाचा फुटली हें खरें. परंतु वादकाची मुखनलिका आधुनिक, त्याची फुंकण्याची तालीम आधुनिक, आणि सूरावळही आपल्या काळांतलीच. राजाच्या सैन्यास त्या तुतारीनें कोणता इषारा दिला असेल तें आम्हांस कळलें नाहीं तें नाहींच. त्यापूर्वींच्या एका प्रयत्नांत चांदीची तुतारी भंगली होती असें सांगतात. इतक्या जीर्ण वस्तूंस फुंकून पाहणें हा आमच्या मतें अविचारच होय.

आतां त्या गीताकडे वळूं. सीरियाच्या समुद्रकिनाऱ्यानजीक १९२८ मध्यें एक शेतकरी नांगर धरीत असतां त्याचा फाळ एका दगडी थडग्यास अडला. पुढल्याच वर्षीं क्लोद शेफर या फ्रेंच संशोधकानें तेथें खणावयास आरंभ केला आणि उगारित ही विस्मृत नगरी उजेडांत आली. तिच्या राजवाड्याच्या अवशेषांत मातीच्या पाट्यांचे जे तुकडे मिळाले, त्यांत तिसांहून अधिक गीतांचे अंश होते. त्यांपैकीं एकच गीत बव्हंशीं पूर्ण आहे. तें इ. स. पूर्वीं सुमारें १४०० च्या वेळचें असावें असें मानतात. निक्कल नामक देवतेचें तें स्तोत्र, हुर्री भाषेंत, कीलाकार लिपींत लिहिलेलें आहे. हुर्री भाषा आज कोणी बोलत नाहीं, आणि तज्ज्ञांसही ती थोडकीच उलगडते. त्यामुळें शब्दांचा पुरता अर्थ लागत नाहीं.

पाटीवर शब्दांच्या खालीं दोन रेघा ओढलेल्या असून त्यांच्याखालीं एक नांव व एक आंकडा, पुनः एक नांव व एक आंकडा, अशा ओळी आहेत. हीं नांवें अक्कादी भाषेंतलीं. त्यांचें कोडें दुसऱ्याच पाट्यांनीं सोडविलें, आणि त्यांतील एक प्रत्यक्ष ऊर येथील निघाली! नऊ तारांचें वाद्य कसें जुळवावें याचे नियम तींत दिले आहेत: अमुक दोन तारा बरोबर वाजत नसतील तर अमुक तार ताणावी किंवा सैल करावी. ज्यांनीं घरीं तंबोरा जुळवितांना पाहिलें असेल त्यांस हें सांगणें चटकन पटेल. यावरून असें ठरलें कीं, तारा जुळविण्याचे सात प्रकार त्या लोकांस ठाऊक होते, आणि स्तोत्राखालील प्रत्येक नांव म्हणजे तारांची एकेक जोडी होय.

येथपर्यंत पाया भक्कम आहे. मतभेद पुढें सुरू होतो. जोडींतील दोन्ही तारा एकदम छेडाव्या, कीं एकीपासून दुसरीपर्यंत मधल्या स्वरांवरून चालत जावें? पुढील आंकडा कशाचा, किती वेळां वाजवावें याचा, कीं आणखी कशाचा? स्वर किती लांबवावा याविषयीं तर पाटीवर स्पष्ट खूण नाहींच. ॲन किल्मर या अमेरिकन विदुषीनें १९७२ मध्यें आपलें वाचन पुढें मांडलें. तिच्या मतें दोन तारा एकदम वाजतात. १९७४ मध्यें तें गीत कॅलिफोर्निया विद्यापीठांत मुद्दाम बनविलेल्या लायरवर वाजवून दाखविण्यांत आलें. बेल्जमच्या मार्सेल दुशेन-गियमँ या विदुषीनें त्याच ओळींतून एकेरी चाल काढली. इतरांचीं वाचनें आणखी निराळीं. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यानें आणलेलीं दोन्ही मुद्रणें एकाच पाटीचीं अपत्यें होत.

सगळ्या जुन्या गाण्यांची अशी स्थिति नाहीं. तुर्कस्तानांत आयदिन शहरानजीक सांपडलेल्या एका दगडी स्तंभावर सेइकिलोस नांवाच्या मनुष्यानें कोरविलेलें ग्रीक गीत आहे, इ. स. च्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांतलें. विल्यम रॅमसे यानें तें १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें. कुंडी ठेवण्याची सोय व्हावी म्हणून पुढें कोणी त्याचा तळ कापला, असें सांगतात. सुदैवानें गाणें वांचलें. तो स्तंभ आज कोपनहेगनच्या संग्रहालयांत आहे. त्यावर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वराची खूण आहे, आणि कालमानाच्या खुणाही आहेत. त्या खुणांचा कोश अलिपिअस नांवाच्या ग्रीक लेखकानें लिहून ठेवला व तो टिकला. म्हणून हें चिमुकलें गीत बहुतेक सर्व विद्वान् एकाच चालीवर वाचतात. गाण्याबरोबर त्याची किल्लीही वांचली होती. उगारितची अर्धीच वांचली.

हें सर्व ऐकल्यावर आमच्या त्या विद्यार्थ्याचा चेहरा किंचित् उतरला. मग त्यानें विचारलें, “निदान गाणें रचणाऱ्याचें नांव तरी?” पाटीच्या शेवटीं एक नांव स्पष्ट आहे, अम्मुराबि, पण तें पाटी लिहून काढणाऱ्या लेखकाचें. तारा कोणत्या प्रकारें जुळवाव्या हेंही त्यानें तेथेंच नमूद केलें आहे. आतां वर्गांतील तिघे जण दोन्ही मुद्रणें घेऊन शाळेच्या पेटीवर बसतात आणि कोणता स्वर कोठें वेगळा पडतो तें वहींत टिपून ठेवतात. एक वही भरली आहे. दुसरी मागावयास ते कालच आमच्याकडे आले होते.