कानांतील तोल

घरांतील एखादी वृद्ध स्त्री बिछान्यावर कूस बदलतांना घर फिरत असल्याचें सांगूं लागली, कीं पित्त, अशक्तपणा, उपास अशीं कारणें एकामागून एक पुढें येतात. कानाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. संस्कृत वैद्यकांत या विकारास 'भ्रम' अशी संज्ञा आहे; पण ज्ञानेंद्रियांच्या गणनेंत कानाकडे केवळ शब्दग्रहणाचें काम सोंपविलेलें असल्यामुळें आम्हांसही तो संबंध चटकन् सुचत नाहीं.

वस्तुतः कानाच्या अगदीं आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकृति नलिका असतात, आणि डोकें वळलें कीं त्यांतील द्रव मागें राहून त्या वळण्याची वर्दी मेंदूस पोंचवितो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्लूरां या फ्रेंच शास्त्रज्ञानें पारव्यांच्या या नलिका तोडून पाहिल्या, तेव्हां त्या पक्ष्यांचा तोल गेला. परंतु जिवंत मनुष्याच्या नलिका धड आहेत कीं बिघडल्या, हें कान न उघडतां कसें ओळखावें? ही जिज्ञासा केवळ पंडिती नव्हती. कानांतील पू आंतल्या भागांत शिरला कीं तो तेथून मेंदूपर्यंत जाऊं शके, आणि मग रोगी हातचा जाई.

हें कोडें व्हिएन्ना येथील डॉ. रॉबर्ट बारानी यांनीं सोडविलें. त्यांचा जन्म १८७६ चा. बालपणीं हाडांच्या क्षयानें एक गुडघा कायमचा ताठला. १९०० सालीं वैद्यकाची पदवी घेऊन पुढें ते प्रसिद्ध कर्णवैद्य पोलिट्झर यांच्या रुग्णालयांत काम करूं लागले. तेथें पिचकारीनें कान धुण्याचें काम नित्याचेंच होतें. त्यांत कित्येक रोग्यांना चक्कर येई आणि त्यांचे डोळे आपोआप एका बाजूस झटके देत. एका रोग्यानें सांगितलें, कीं पाणी पुरेसें ऊन नसलें म्हणजेच आपणांस घेरी येते. बारानींनीं परिचारिकेस पाणी अधिक तापविण्यास सांगितलें. पुढल्या खेपेस तें फारच कढत झालें. रोगी ओरडला, त्यास पुन्हां घेरी आली, आणि बारानींनीं पाहिलें तों डोळ्यांचे झटके आतां उलट दिशेस! दुसरा वैद्य परिचारिकेवर रागावून मोकळा झाला असता.

याचा उलगडा त्यांस न्हाणीघरांतील पाणी तापविण्याच्या यंत्रावरून झाला, असें त्यांनीं आपल्या नोबेल व्याख्यानांत सांगितलें आहे. आमच्या बंबाचेंही तसेंच आहे: तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, गार पाणी तळाशीं राहतें. कानांतील नलिकेच्या एका बाजूस ऊन वा गार पाणी लागलें, कीं आंतला द्रव तसाच वर किंवा खालीं सरकतो आणि मेंदूस डोकें फिरल्याचा भास होतो. डोकें उलटें केलें तर डोळ्यांची दिशाही उलटावी, हा तर्क त्यांनीं पडताळून पाहिला. पाणी घालूनही डोळे स्थिर राहिले, तर त्या बाजूच्या नलिका निकामी झाल्या आहेत असा संशय बळावतो.

महायुद्ध सुरू झालें तेव्हां ताठ गुडघ्याची सबब त्यांस सहज सांगतां आली असती. तरी ते लष्करांत शस्त्रवैद्य म्हणून गेले आणि १९१५ सालीं प्शेमिस्लचा किल्ला पडतांच रशियनांचे कैदी झाले. मध्य आशियांतील मर्व्ह येथें बंदिवासांत असतांनाच १९१४ चें नोबेल पारितोषिक आपणांस मिळाल्याची वार्ता त्यांस कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीनें १९१६ सालीं त्यांची सुटका झाली. परंतु व्हिएन्नांत परततांच सहकाऱ्यांनीं, इतरांच्या श्रमांचें श्रेय लाटल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. पूर्वसूरींचा उल्लेख करण्यांत ते कदाचित् कमी पडले असतील. पण त्या प्रयोगाचें मोल त्यानें उणें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. १९१७ सालीं ते स्वीडनांत उप्सालास गेले, आणि तेथेंच १९३६ च्या एप्रिलांत, षष्ट्यब्दीपूर्तीस अवघे दोन आठवडे उरले असतां, निवर्तले.

१९८३ सालीं अंतराळयानांत, जेथें वजनच नसल्यामुळें ऊन द्रव वर चढूं शकत नाहीं, तेथेंही हा प्रयोग करतां डोळे हललेच. म्हणजे बंबाचा दृष्टान्त सर्वस्वीं पुरेसा नाहीं. परीक्षा मात्र अद्यापि चालू आहे. बहुधा ३० व ४४ अंशांचें पाणी वापरतात. आणि कूस बदलतांना येणारी ती घेरी? तिचेंही वर्णन बारानींनीं १९२१ सालीं केलें होतें. कानांतील चुनखडीचे सूक्ष्म कण सुटून नलिकेंत शिरल्यानें ती येते, हें पुढें उमगलें. आज जाणता वैद्य रोग्याचें डोकें ठराविक क्रमानें वळवून ते कण बाहेर काढतो, आणि पुष्कळदां औषधाचें कामच पडत नाहीं.