नाताळची भेट : कात्रीची कीं यंत्राची?

डिसेंबर महिना लागला म्हणजे नाताळ पाळणाऱ्या घरांतून धांदल सुरू होते. स्वयंपाकघरांत नेवऱ्यांची तयारी, ओसरीवर गव्हाणीचा देखावा, आणि दारावर टांगावयाचा कागदी तारा. ‘नाताळ’ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीज भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘जन्म’ असा आहे. जन्माच्या सणाला एकमेकांस कांहीं भेट द्यावी, ही चाल ओघानेंच आली. ही भेट स्वतः करावी अशी पुष्कळांची हौस असते. परंतु गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलीनें प्रश्न केला, “यंत्रानें कापलेल्या भेटीला घरची भेट म्हणावें, कीं विकतची?” प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. म्हणून प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं.

आपल्या पनवेलींत रिक्षांच्या कांचांवर देवांचीं, मुलांचीं नांवें चिकटविलेलीं सर्वांनीं पाहिलीं असतील. तीं ज्या दुकानीं करून मिळतात त्यांस लोक ‘रेडियमचें दुकान’ म्हणतात. वस्तुतः त्या चिकट प्लॅस्टिकमध्यें रेडियमचा कणहि नसतो. तेथें संगणकाला जोडलेलें जें यंत्र असतें त्याचेंच लहान भावंड म्हणजे घरगुती कातरयंत्र होय. त्याची रचना मोठी मौजेची आहे. एक बारीक पातें आडव्या दांडीवर डावीउजवीकडे सरकतें, आणि खालचे रूळ कागद पुढेंमागें नेतात. ह्या दोन गतींचा मेळ घातला म्हणजे वाटेल ती वक्र रेषा उमटते. कागद हलूं नये म्हणून तो चिकट पाठीच्या लवचिक तक्त्यावर बसवितात. पात्याच्या जागीं लेखणी लावली तर तेंच यंत्र कापण्याऐवजीं चित्र काढतें.

यंत्राला कागदाची जाड सांगावी लागते. नेहमींचा लिहावयाचा कागद दर चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम भरतो. भेटपत्राला सुमारें २०० ग्रॅमचा घ्यावा. दाब कमी पडला तर कागद अर्धवट कापला जातो, अधिक झाला तर खालचा तक्ता चिरतो. यास्तव आधीं कोपऱ्यांत लहानसा चौकोन कापून पाहावा. पातें बदलणें मात्र वडील माणसांवर सोंपवावें.

ज्यांच्या घरीं यंत्र नाहीं त्यांनीं हिरमुसूं नये. दारावरचा तारा कंपास, कोनमापक व कात्री एवढ्यावर होतो. जाड कागदावर एक मध्यबिंदु घ्या आणि त्यांतून ३६-३६ अंशांच्या अंतरानें दहा रेघा काढा. पहिलीवर १० सेंटीमीटरांवर खूण करा, दुसरीवर ३.८ सेंटीमीटरांवर, तिसरीवर पुन्हां १० वर. असें आळीपाळीनें दहाहि रेघांवर करा. खुणा क्रमानें जोडून बाहेरची आकृति कापून घ्या. मग संपलेल्या बॉलपेननें मधल्या सर्व रेघा दाबून काढा. लांब रेघांवर कागद वर उचलेल अशी घडी घाला, आखूड रेघांवर आंत दबेल अशी. सपाट कागदाला तत्काळ उठाव येतो. असे दोन तारे पाठीला पाठ लावून आंत एलईडीचा लहानसा दिवा ठेवावा; मेणबत्ती किंवा पणती कदापि ठेवूं नये.

ह्या ताऱ्याचें आणि शाळेचें नातें जुनें आहे. जर्मनीच्या पूर्व भागांत मोरावियन ख्रिस्ती मंडळींच्या वसतिशाळेंत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून अनेक टोंकांचा कागदी तारा करवून घेत असत. त्याच्या गाभ्याला २६ पृष्ठें असतात : १८ चौकोनी आणि ८ त्रिकोणी. एक पृष्ठ टांगण्यासाठीं मोकळें ठेवून बाकीच्यांवर २५ टोंकें बसवितात. वर्गांतला तो पाठ पुढें देशोदेशींच्या घरांतील नाताळचा दिवा झाला.

यंत्र आणि हात ह्यांचा प्रश्नहि नवा नाहीं. १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल ह्यांनीं नाताळचें पहिलें छापील भेटपत्र काढलें, तेव्हां चित्र शिळाछापावर छापून त्यांत रंग हातानें भरले होते. एका यंत्रावर कोणी रुसलें नाहीं, कीं एका हाताला कोणी कमी लेखलें नाहीं.

आतां अक्षरांविषयीं. आपली शिरोरेखा कातरकामांत फार उपयोगी पडते. इंग्रजी शब्द सुटीं अक्षरें होऊन विखुरतो. ‘नाताळ’ हा शब्द तोरणासारखा एकसंध निघतो. परंतु तीन गोष्टी सांभाळाव्या. संगणकावर अक्षरांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या आधीं एकरूप करून घेतल्या नाहींत तर यंत्र प्रत्येक अक्षर वेगळें कापतें. दुसरें, ‘आनंद’मधील अनुस्वार अधांतरीं असल्यानें निसटून पडतो. तिसरें, ‘भ’ आणि ‘ध’ ह्यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, म्हणून ‘शुभ’मध्यें बारीकसा सांधा ठेवावा लागतो.

हें तिसरें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. त्याच मुलीकडून कळलें. तिच्या आजींची दृष्टि जवळजवळ गेलेली आहे. चित्राचें भेटपत्र त्यांच्या काय कामाचें? म्हणून तिनें पांच सेंटीमीटर उंचीचीं ‘शुभ नाताळ’ हीं अक्षरें मामांच्या घरच्या यंत्रावर कापलीं. पहिला शब्द दोन तुकडे होऊन हातांत आला. तिनें सांधा काढून पुन्हां कापला. आणि एकदां नव्हे, चारदां. चारहि प्रती एकमेकींवर चिकटविल्या, तेव्हां बोटांना लागेल एवढा उठाव आला. चार प्रती हुबेहूब सारख्या कापणें कात्रीला फार कठीण. येथें यंत्राचें खरें काम झालें.

नाताळच्या सकाळीं आजींनीं शिरोरेखेवरून बोट फिरविलें, एकेका अक्षराशीं थांबल्या, आणि शब्द मोठ्यानें वाचला. मग सांध्याशीं बोट परत नेऊन म्हणाल्या, “येथें कांहीं जोडलें आहेस, होय ना?”

यंत्रानें कापावयास कांहीं मिनिटेंच घेतलीं होतीं. आजींना काय वाचतां येईल ह्याचा विचार त्या मुलीनें आठवडाभर केला होता. तिच्या प्रश्नाचें उत्तर तिला ह्यांतच मिळालें असावें. कारण यंदा तिनें तो पुन्हां विचारला नाहीं. आजींच्या नांवाचीं अक्षरें मात्र तिनें आतांच आंखून ठेविलीं आहेत.