ले-आऊटमधील पायाभूत सुविधांच्या खर्चाची वाटणी : जठारपेठ–उमरी परिसराच्या संदर्भात

रस्ता, नाली, जलवाहिनी यांवरील भांडवली खर्च एकदाच करावा लागतो. त्यांचा उपभोग मात्र पुढील पंचवीस-तीस वर्षे घेतला जातो. म्हणूनच हा खर्च घरमालकांमध्ये कसा वाटावा, या प्रश्नाला ‘कोणत्या मापाने?’ आणि ‘किती काळात?’ अशा दोन बाजू आहेत. आपल्याकडे चर्चा बहुधा पहिल्या बाजूचीच होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली. त्यानंतर १९८२ च्या मेलो-रूस कायद्याने नव्या वसाहतींचे विशेष जिल्हे स्थापन करून कर्जरोखे काढण्याची तरतूद केली. परतफेड त्या जिल्ह्यातील घरांवरील विशेष करातून होते आणि घर विकले गेल्यास उर्वरित भार नव्या मालकाकडे जातो. महाराष्ट्रात रोखे काढते ती महापालिका. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभारले. पण तो भार एखाद्या वसाहतीचा नव्हे, संपूर्ण शहराचा आहे.

अकोल्यात जठारपेठ ही जुन्या हद्दीतील वस्ती. तिला लागून असलेला उमरीचा भाग २०१६ च्या हद्दवाढीने महापालिकेत आला. मंजूर ले-आऊटमध्ये रस्ते व नाल्या करून देण्याची जबाबदारी विकासकाची असते आणि तो हा खर्च भूखंडाच्या किमतीतच वसूल करतो. गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीत भूखंड स्वस्त पडतो, सुविधा मात्र मिळत नाहीत. अशा भूखंडांच्या नियमितीकरणासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. येथे विकास शुल्क शेवटच्या भूखंडधारकाला एकरकमी भरावे लागते. जमीन विकणारा तोवर दूर झालेला असतो.

मापाचा प्रश्न उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ४० भूखंडांच्या ले-आऊटमध्ये नाली व रस्त्यास १८ लाख रुपये लागतात. निम्मे भूखंड १५०० चौरस फुटांचे, निम्मे ३००० चे आहेत. समान वाटणीत प्रत्येकी ४५ हजार येतात. क्षेत्रफळानुसार लहान भूखंडास ३० हजार, मोठ्यास ६० हजार. नाली घरासमोरून सारखीच वाहते, हा समान वाटणीचा युक्तिवाद. मोठ्या भूखंडाची किंमत अधिक वाढते, हा दुसऱ्या पक्षाचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नगररचना योजनेतील अंशदान मूल्यवृद्धीच्या प्रमाणात आकारतो आणि ते वाढीच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे म्हणतो. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधीत सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेस समान, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात मात्र सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने. इमारत तीच, नोंदणी बदलली की वाटणी बदलते.

क्षेत्रफळाचे तत्त्व अधिक न्याय्य वाटते. परंतु त्यानेही खरी अडचण सुटत नाही. वरील ले-आऊटमध्ये दहा भूखंड रिकामे असून त्यांचे मालक पुण्या-मुंबईस असतील आणि वर्गणी देणार नसतील, तर समान वाटणीत उरलेल्या तिसांवर ४५ ऐवजी ६० हजारांचा बोजा पडतो. नाली झाल्यावर भाव मात्र त्या रिकाम्या भूखंडांचाही वाढतो. रोख्याची परतफेड दहा वर्षांच्या करातून झाली असती, तर हे दहा मालक व त्यांच्याकडून पुढे खरेदी करणारे आपोआप वाटेकरी झाले असते.

कॅलिफोर्नियात विशेष कराची सूचना विक्रेत्याने खरेदीदारास द्यावी लागते. येथे सातबारा उताऱ्यावर बँकेचा बोजा दिसतो. नालीच्या वर्गणीची थकबाकी दिसत नाही. विकास शुल्काची पावती आणि नियमितीकरणाचा आदेश खरेदीदाराने स्वतःच मागून पाहावा लागतो.