बाळंतिणीचं पोट आणि मधली पांढरी रेघ

बाळ आठ महिन्यांचं झालेलं असतं. घरातल्या लग्नात त्याची आई बऱ्याच दिवसांनी हौसेनं साडी नेसून आलेली असते, आणि लांबच्या नात्यातली एखादी काकू पोटाकडे बघत विचारते, "कितवा गं?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यानंतर कित्येक दिवस ती आरशासमोर कडेनं उभी राहून पोट आत ओढून बघत राहते. मग सल्ले सुरू होतात. पट्टा बांध, भात सोड, सिट-अप्स मार, सिट-अप्स चुकूनही मारू नकोस. यातले बहुतेक सल्ले चरबी कमी करण्याचे असतात, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत पोट पुढे दिसण्याचं कारण चरबी नसतंच.

छातीच्या मधल्या हाडाखालून ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोटावर स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. व्यायामशाळेतली मुलं ज्यांना 'सिक्स पॅक' म्हणतात ते हेच. या दोन पट्ट्यांना मधोमध जोडणारी चिवट पांढऱ्या तंतूंची एक रेघ असते. तिचं नाव लिनिया आल्बा, लॅटिनमध्ये शब्दशः 'पांढरी रेघ'. गर्भारपणात बेंबीवरून खाली कातडीवर काळसर रेघ उमटते, तीही याच जागी असते, पण ती फक्त कातडीच्या रंगाची गोष्ट आहे. पांढरी रेघ आत असते आणि ती स्नायूची नसून कोलाजेनची असते. दोन्ही कुशींकडून येणारे पोटाचे स्नायू शेवटी तिलाच येऊन मिळतात, त्यामुळे पोटाचा सगळा ताण तिच्यावर येऊन ठरतो. गर्भाशय वाढू लागलं की ही रेघ रुंद आणि पातळ होते आणि दोन पट्टे एकमेकांपासून दूर सरकून मधे फट पडते. यालाच डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात.

"माझ्याच शरीरात काहीतरी बिघडलं"

हा समज मला सगळ्यात आधी दूर करावासा वाटतो, कारण त्यात अपराधीपणा मिसळलेला असतो. पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात (2015) गर्भारपणाच्या 35व्या आठवड्यात तपासलेल्या प्रत्येक स्त्रीच्या पोटात ही फट आढळली. प्रत्येकीच्या. पूर्ण वाढलेलं बाळ पोटात मावायचं तर या रेघेला रुंद व्हावंच लागतं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्याच स्त्रियांपैकी 39 टक्के जणींत ती शिल्लक होती. नॉर्वेत पहिलटकरीण असलेल्या 300 स्त्रियांचा अभ्यास झाला (2016). तिथे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी 45 टक्के आणि वर्षानंतरही सुमारे 33 टक्के स्त्रियांच्या पोटात फट होती. म्हणजे वर्ष उलटल्यावरही दर तिघींपैकी एकीच्या.

फट का राहिली याचा शोध नॉर्वेच्या अभ्यासकांनी घेतला, तेव्हा गर्भारपणी वाढलेलं वजन किंवा बाळाचं वजन यांच्याकडे बोट दाखवता आलं नाही. एक गोष्ट मात्र दिसली. आठवड्यातून वीस किंवा त्याहून जास्त वेळा जड उचलणाऱ्या बायकांत फटीचं प्रमाण जास्त होतं. हे वाचताना मला डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतलेल्या आपल्याकडच्या बाया आठवल्या. उन्हाळ्यात टँकरवरून किंवा विहिरीवरून पाणी भरणारी बाई हा आकडा एका दिवसात गाठते. सव्वा महिना संपल्याबरोबर तिच्या हाती हंडा देणाऱ्या घरानं एवढं तरी लक्षात घ्यावं.

"पोटाला भोक पडलंय, आतडी बाहेर येतील"

उताणं झोपून उठताना पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा येतो, होडीच्या तळासारखा. तो पाहून अनेकजणी घाबरतात. पण इथे काहीही फाटलेलं नसतं. रेघ ताणली गेलेली, पातळ झालेली असते, पण अखंड असते. हर्नियात त्या आवरणाला खरोखरच भोक पडतं आणि त्यातून चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. दोन्ही एकत्र असू शकतात, विशेषतः बेंबीशी, म्हणून डॉक्टरांचा हात एकदा पोटावरून फिरायला हवा. बेंबीशी किंवा मधल्या रेघेवर गोळी लागत असेल, ती अचानक कडक झाली, दुखू लागली, दाबूनही आत जात नसेल, सोबत उलट्या होत असतील, तर वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

"पोट बांधलं नाही म्हणून सुटलं"

आमच्या घरी आजी बाळंतिणीचं पोट जुन्या, धुऊन मऊ झालेल्या नऊवारीच्या कापडानं बांधायची. अंगाला तेल चोळून झालं, आंघोळ झाली, धुरी-शेक झाला की ती स्वतः गुडघ्यावर बसून कापडाचे वेढे घालायची. का, तर "पोटात वारं भरू नये म्हणून." ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीचं पोट मोठ्या, स्वच्छ वस्त्रानं वेढावं असं सांगितलेलं आहे आणि कारणही हेच दिलं आहे, की वाताला आत मोकळी जागा मिळू नये.

या प्रथेला मी टाकाऊ म्हणणार नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत पोट लोंबतं, आत सगळं सैल वाटतं. अशा वेळी बेताच्या घट्टपणाचं कापड किंवा औषधाच्या दुकानात मिळणारा पट्टा आधार देतो. सिझर झालेल्या बाईला खोकताना, उठताना, चालताना त्यानं बरं वाटतं, टाक्यांचं दुखणं कमी होतं. शिवाय कुणीतरी रोज आपल्यापाशी बसून आपल्या पोटाची काळजी घेतंय, ही भावनाही त्या दिवसांत मोलाची असते.

पण पट्ट्याकडून त्यापलीकडची अपेक्षा करू नये. वारं भरून पोट मोठं होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पोट मोठं दिसतं कारण गर्भाशय अजून आक्रसत असतं. बाळंतपणाच्या वेळी साधारण किलोभर वजनाचं झालेलं गर्भाशय मूळच्या आकाराजवळ यायला सुमारे सहा आठवडे घेतं, पट्टा बांधा किंवा बांधू नका. आणि पट्टा काढला की फट जिथल्या तिथे असते, कारण बाहेरून आवळल्यानं आतल्या तंतूंना बळ येत नाही. श्वास अडेल इतका करकचून बांधलेला पट्टा तर पोटातला दाब खाली ढकलतो. बाळंतपणात आधीच ताणल्या गेलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर तो भार पडतो. पट्टा बांधून नीट जेवता येत नसेल, खोल श्वास घेता येत नसेल किंवा खाली ओढल्यासारखं वाटत असेल, तर तो सैल करावा.

खरा पट्टा शरीरात आतच असतो. पोटाच्या सर्वांत आतल्या थरातला आडवा स्नायू पाठीपासून पुढच्या रेघेपर्यंत कंबरपट्ट्यासारखा वेढलेला असतो. त्याला कामाला लावणं हा फटीवरच्या उपचाराचा गाभा आहे.

"सिझरमध्ये स्नायू कापले म्हणून असं झालं"

नेहमीच्या सिझरमध्ये कातडीवरची चीर आडवी असते, पण उभे स्नायू सहसा कापत नाहीत. ते मधल्या रेघेवर बाजूला सारतात. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांनाही ही फट राहते. ती तयार होते गर्भारपणात. बाळ कोणत्या वाटेनं बाहेर आलं, त्याच्या आधीच.

"किती बोटं आहे?"

घरच्या घरी अंदाज घेता येतो. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, बोटांची टोकं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवायची आणि डोकं व खांदे जरासे उचलायचे. दोन्ही बाजूंचे स्नायू कडक होतात आणि मधली दरी हाताला लागते. बेंबीवर, बेंबीशी आणि बेंबीखाली, तिन्ही जागी बघायचं. साधारणपणे दोन बोटांहून जास्त अंतर असेल तर फट आहे असं धरतात. पण शून्य हे उद्दिष्ट नव्हे. कधीच गर्भार न राहिलेल्या 150 स्त्रियांची सोनोग्राफीनं मोजणी झाली (2009), तेव्हा बेंबीच्या तीन सेंटिमीटर वर 22 मिलिमीटरपर्यंतचं अंतरही सर्वसामान्य मर्यादेत ठरलं. दोन स्नायूंच्या मधे थोडी जागा प्रत्येकीला असते.

रोज सकाळी बोटं घालून मोजत बसणाऱ्या आयांना मला कळकळीनं सांगायचंय, की रुंदीपेक्षा तिथला ताण महत्त्वाचा आहे. डोकं उचलताना बोट लोण्यात रुतल्यासारखं आत जातं, की खाली ट्रॅम्पोलिनसारखं तणावलेलं काही लागतं? अडीच बोटांची पण तणाव धरणारी रेघ आपलं काम करते. दीड बोटाची, पण ढिली, नाही करत.

ली आणि हॉजेस या संशोधकांनी 2016 साली हीच गोष्ट सोनोग्राफीवर दाखवली. नुसतं डोकं-खांदे उचलले की फट अरुंद होते, पण मधली रेघ सुरकुतून ढिली पडते. आधी आतला आडवा स्नायू हलकेच आवळून मग उचललं, तर फट तितकी मिटत नाही, पण रेघ ताठ राहते. फक्त फट मिटवण्याच्या मागे लागलो तर ढिली रेघ पदरात पडू शकते.

"सिट-अप्सनी पोट आत जातं" आणि "सिट-अप्स केले की फट वाढते"

दोन्ही टोकं चूक आहेत. पहिल्या आठवड्यांत भराभर सिट-अप्स मारून पोट आत जात नाही, उलट मधला उंचवटा फुगतो. पण म्हणून ते आयुष्यभर वर्ज्यही नाहीत. नॉर्वेतच 70 स्त्रियांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली (2023). डोकं उचलण्याचे, खांदे उचलण्याचे, वळून उठण्याचे व्यायाम त्यात हळूहळू वाढवत नेले. फट वाढली नाही. फार कमीही झाली नाही, पण पोटाचे स्नायू जाड आणि बळकट झाले. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण "हे करू नको, ते उचलू नको" ऐकून अनेक बायका स्वतःच्या शरीराला काचेच्या भांड्यासारखं जपू लागतात, आणि न वापरलेला स्नायू आणखी दुबळा होतो.

मग करायचं काय? डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या काही दिवसांतच श्वासानं सुरुवात करता येते. कुशीवर किंवा उताणं झोपून नाकानं श्वास घ्यायचा, पोट-बरगड्या फुलू द्यायच्या. श्वास सोडताना लघवी रोखण्यासाठी आवळतो ते स्नायू वर ओढायचे आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं. (प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये.) पुढे गुडघे दुमडून कंबर उचलणं, मग एकेक पाय सरकवणं, मग हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन विरुद्ध बाजूंचे हात-पाय उचलणं, अशा पायऱ्या चढायच्या. सिझर झालं असेल तर जोराचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच, आणि तोवर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

कोणताही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा येऊ लागला, श्वास रोखला गेला किंवा लघवीचा थेंब गळला, तर ती पायरी आज आपल्यासाठी वरची आहे. एक पायरी खाली यायचं, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

दिवसभराच्या सवयी व्यायामाइतक्याच मोलाच्या. बाजेवरून किंवा गादीवरून उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, हाताचा आधार घ्यायचा, मग बसायचं. बाळ किंवा बादली उचलताना श्वास सोडत उचलायचं. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी, भाज्या, फळं भरपूर हवीत. डिंकाच्या-अळिवाच्या लाडवांना माझा विरोध नाही, फक्त त्यांच्यासोबत पालेभाजी असू द्या.

"पाठदुखी आहे म्हणजे याचमुळे"

नॉर्वेच्या त्याच 300 जणींत, फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांमध्ये कंबरदुखीचं प्रमाण वर्षानंतर सारखंच होतं. म्हणून कंबर दुखते तर तिची वेगळी तपासणी करून घ्या. सगळं खापर फटीवर फोडलं तर खरं कारण मागे राहतं.

"वर्ष झालं, आता काही होणार नाही"

फट आपोआप मिटण्याचा वेग पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक असतो, नंतर मंदावतो. पण स्नायू चाळिशीतही बळकट होतात, दोन बाळंतपणांनंतरही होतात. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे काही महिने नेटानं व्यायाम करूनही फट मोठी राहिली, पोट पेलवेना किंवा हर्निया सोबत असला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत दोन्ही स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणतात. ती पुढं मूल नको असं ठरल्यावर करावी, कारण पुढच्या गर्भारपणात रेघ पुन्हा ताणली जाते. आणि आधी व्यायाम, मग सुरी, हा क्रम युरोपातल्या हर्निया तज्ज्ञांच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

आपल्याकडे बाळंतपणानंतर सगळ्यांचं लक्ष बाळावर असतं, आणि ते असायलाच हवं. आशाताई 42व्या दिवसापर्यंत घरी येतात, वजन करतात, अंगावर पाजण्याविषयी विचारतात. त्यांना आपणहून पोटाविषयी विचारा. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला दवाखान्यात जाल, त्याच दिवशी तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटं तुम्हीही झोपा आणि डॉक्टरांना सांगा, "माझंही पोट बघा."