डिझेल मोटारीतील युरिया-द्रावण : घरी भरताना घ्यावयाची दक्षता

मावळातील भातशेतीला युरिया लागतो, तसा लोणावळ्याचा घाट चढणाऱ्या अनेक नव्या डिझेल मोटारींनाही लागतो. मात्र हे दोन युरिया एक नव्हेत.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यानुसार या मोटारींच्या धुराच्या नळीत युरियाचे द्रावण फवारले जाते. उष्णतेने त्यापासून अमोनिया निर्माण होतो व उत्प्रेरकाच्या साहाय्याने घातक नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व वाफेत होते. ‘डीईएफ’ नावाने मिळणाऱ्या या द्रावणात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व उर्वरित क्षारविरहित पाणी असते.

गोणीतील खतावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. असे घरगुती मिश्रण ओतल्यास फवारा तुंबतो व महागडा उत्प्रेरक निकामी होतो. शिवाय अनुदानित खत अन्य कामी वापरण्यास खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये मनाई आहे.

द्रावण भरताना मोटार सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. ‘आयएसओ २२२४१’ असा उल्लेख असलेला सीलबंद डबाच घ्यावा. बहुधा निळे झाकण असलेल्या स्वतंत्र टाकीत स्वच्छ नरसाळ्याने द्रावण ओतावे. सांडल्यास पाण्याने धुवावे. चुकून डिझेलच्या टाकीत गेल्यास इंजिन मुळीच सुरू करू नये. उरलेला डबा उन्हात ठेवू नये.

टाकी पूर्ण रिकामी झाल्यास बंद केलेले इंजिन सहसा पुन्हा सुरू होत नाही. म्हणून पहिली सूचना दिसताच, घाटाला लागण्यापूर्वीच, द्रावण भरणे हिताचे होय.