फेस, पाव आणि पाच रुपयांचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. खरंच लागतो! १९४९ चा दारूबंदी कायदा अजून कागदावर जिवंत आहे. त्यानुसार विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, तर आयुष्यभराचा हजार रुपयांना मिळत आलाय. वयाचं गणितही वेगळं: सौम्य बिअरला २१ पूर्ण, कडक दारूला २५. म्हणजे बर्गर-बिअरच्या टेबलावर बसलात की गंमत मेन्यूकार्ड उघडायच्या आधीच सुरू होते.

या टेबलासाठी पुण्याइतकं हक्काचं शहर नाही, असं माझं ठाम मत आहे. बंगळूरकर भांडतील, भांडू द्या. २००९ मध्ये पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हा जागेवर बिअर बनवून तिथेच पाजणं हा प्रकार देशात जेमतेम कुणाला माहीत होता. मग मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, ‘एफिंगट’ आली, ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ आली. आणि मुंबईच्या पबांत नळाला लागलेली ‘गेटवे’ची बिअर कुठे बनायला लागली? डोंबिवलीत!

अशा पबमध्ये काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात. तिथे मोड आणून वाळवलेले जव भरडून साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर मुरवतात. दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग तो गोड काढा हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. एल प्रकारची बिअर आठवडा-दोन आठवड्यांत तयार होते, लागरला कित्येक आठवडे थंडीत झोपवावं लागतं. ताजेपणाचं म्हणाल तर बिअर दुधाच्या जातीची. जितकी ताजी तितकी चांगली, आणि टाकीपासून दहा पावलांवर बसून पिण्यात जी मजा आहे ती बाटलीत नाही.

गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, पण त्यात केळं औषधालाही नसतं. तो वास यीस्ट बनवतं. आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं द्रव्य, पिकल्या केळ्यात असतं तेच. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना ‘धावा!’ म्हणून जो गंध सोडते, त्यातही मुख्य भाग याच द्रव्याचा. म्हणून पोळ्याजवळ केळं खाऊ नये, असं मधपाळ सांगतात. आणि मधाचा विषय निघालाच आहे तर, मध आंबवून केलेलं मीड हे जगातल्या फार जुन्या मद्यांपैकी एक. ते देशात पहिल्यांदा व्यावसायिकरीत्या बनवणारी ‘मूनशाइन मीडरी’सुद्धा पुण्याचीच.

आता आयपीए. म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बिअरवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानांना भरपूर उधारीवर पिंपं द्यायचा. ती आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने हिंदकळत मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या धक्क्यांवर उतरायची. हॉजसननेच ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट पबमध्ये हमखास ऐकायला मिळते, पण ती खरी नाही. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे इंग्लंडातल्या बिअरवाल्यांना आधीच ठाऊक होतं, कारण हॉप्स आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. हॉजसनचं खरं डोकं उधारीत होतं आणि त्याची भट्टी गोदीच्या जवळ होती. आजच्या क्राफ्ट आयपीएचा कडूपणा मात्र टिकवण्यासाठी नसतो, निव्वळ चवीसाठी असतो.

बिअरवाल्यांनी विज्ञानालाही बरंच दिलंय. द्राक्षबागायतदार मातीचा सामू (पीएच) तपासून आणतात ना? ती मोजपट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने मांडली. त्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हॅन्सनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं आणि कंपनीने ते इतर बिअरवाल्यांनाही वापरू दिलं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना छळणारी टी-टेस्टही गिनेस या बिअर कंपनीतल्या गॉसेटची, १९०८ सालची.

बर्गर आला? मग पहिला घास घेतल्यावर बिअरच्या फेसाकडे बघा. ओठावरचं तूप-लोणी, चीज, मेयो ग्लासाच्या कडेला लागलं की फेस भराभर बसतो. फेस उभा असतो तो जवातल्या प्रथिनांवर आणि हॉप्सच्या कडू अंशावर, आणि स्निग्धपणाशी त्याचं जमत नाही. लिपस्टिकनेही हेच होतं. फेस नसला तर आधी ग्लास बघा, नीट धुतलेला नसणार. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटागणिक आत फेसाचं एकेक कडं उमटत जातं.

बर्गरचा जनक कोण, यावर अमेरिकेत अजून वाद आहे. न्यू हेवनचं ‘लुइस लंच’ १९०० सालचा दावा सांगतं. तिथे आजही पॅटी टोस्टमध्ये देतात आणि केचप मागितलं तर मिळत नाही. १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे ‘व्हाइट कॅसल’ने पाच सेंटांत बर्गर विकून त्याला घराघरांत नेलं.

पण चव ठरते तव्यावरच. तवा कडकडीत तापलेला हवा, पॅटीचा पृष्ठभाग कोरडा हवा. १४० अंशांच्या वर गेलं की प्रथिनं आणि साखर मिळून तो तपकिरी, खमंग पापुद्रा धरतो. ही क्रिया फ्रान्सच्या मेयार याने १९१२ मध्ये मांडली. स्मॅश बर्गरवाला गोळा तव्यावर टाकताक्षणी दाबतो ते यासाठीच. दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच. नंतर उलथन्याने दाबलंत तर रस तव्यावर आणि चोथा तुमच्या पावात. आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने मेन्यूवर ‘बफ’ लिहिलं असेल तर ते म्हशीचं मांस असतं.

जोडी कशी लावायची? चीज-बेकनच्या तुपकट बर्गरसोबत आयपीए घ्या, कडूपणा आणि बुडबुडे जीभ धुऊन काढतात. बर्गर तिखट असेल तर आयपीए अजिबात नको, दोघं मिळून तोंडाची आग करतात. तिथे गव्हाची बिअर हवी. करपलेल्या कडांच्या, खमंग पॅटीला काळी स्टाउट फार शोभते. आणि हो, बर्फगार मागू नका, अति थंडीने जिभेला चवच कळत नाही. पहिल्यांदाच जात असाल तर छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवा आणि फिक्या रंगाकडून गडदकडे जा. गाडी घरीच ठेवा, कारण १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा.

टाकीत उरलेल्या जवाच्या चोथ्याचं काय होतं? त्यातली साखर गेलेली असते, पण प्रथिनं आणि तंतू शाबूत असतात. गाई-म्हशी तो आवडीने खातात, त्यामुळे ब्रुअरीतून निघालेला ओला चोथा बहुधा गोठ्यात जातो. तोही ताजाच द्यावा लागतो, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दोन दिवसांतच तो आंबायला लागतो.