इमारतीला गणपती कोण सांगणार?
(इमारतीचं घड्याळ : लेखांक 6)

या आठवड्यात 'ऑप्टिमम स्टार्ट' घेऊ असं कबूल केलं होतं. माणसं सव्वानऊला येणार असतील तर एसी नेमका किती वाजता सुरू करायचा, हे कंट्रोलरने आपलं आपण कसं ठरवायचं, तो विषय. तो पुढे ढकलतो आहे. कारण रत्नागिरीच्या मारुती मंदिर परिसरातल्या एका इमारतीची देखभाल बघणाऱ्या वाचकाचं पत्र आलं आहे. खाली बँक, मधल्या दोन मजल्यांवर कार्यालयं, वर हॉटेल. त्यांनी विचारलं आहे : "15 ऑगस्टची सुट्टी एकदा भरली की दरवर्षी आपोआप लागते. गणपतीचं तसं का होत नाही? दरवर्षी हाताने भरावं लागतं आणि कुणीतरी विसरतंच." हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे अख्खा लेख त्यालाच.

नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, बॅकनेटच्या (इमारतीतली नियंत्रण-यंत्रं एकमेकांशी ज्या सामाईक भाषेत बोलतात, तिच्या) शेड्यूलमध्ये आठवड्याचं वेळापत्रक तळाशी असतं आणि त्याच्यावर अपवाद बसतात. नायगारा हे इमारत-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर वापरणारे याच अपवादांना 'स्पेशल इव्हेंट' म्हणतात. अपवादाचा दिवस तिथल्या तिथे टाकता येतो किंवा कॅलेंडर नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवता येतं. या कॅलेंडरमध्ये नोंद तीनच प्रकारे करता येते : तारीख, तारखेपासून तारखेपर्यंत, आणि महिन्यातला कितवा आठवडा व कोणता वार.

पहिल्या प्रकारात वर्षाची जागा मोकळी सोडता येते. 'कोणतंही वर्ष, ऑगस्ट, 15' असं लिहिलं की काम संपलं. 26 जानेवारी, 1 मे, 2 ऑक्टोबर, 25 डिसेंबर हे सगळे असेच बसतात. तारखेची जागाही मोकळी सोडता येते, आणि रत्नागिरीत याचा छान उपयोग होतो. पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. 'पासून-पर्यंत' या प्रकारात भरली तर बॅकनेटला वर्ष लागतंच, म्हणजे दरवर्षी पुन्हा भरणं आलं. त्याऐवजी 'जून, कोणतीही तारीख' आणि 'जुलै, कोणतीही तारीख' अशा दोन नोंदी करा. बंदरावरच्या लिलाव शेडचे दिवे-पंखे दरवर्षी दोन महिने आपोआप बंदीच्या वेळापत्रकावर जातील. मात्र कोल्ड स्टोरेजचं कॉम्प्रेसर या कॅलेंडरला जोडू नका. मासळी आली नाही तरी आत ठेवलेला माल असतोच.

तिसरा प्रकार खालच्या बँकेच्या कामाचा. 1 सप्टेंबर 2015पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी आहे. बॅकनेटचा 'दुसरा आठवडा' म्हणजे 8 ते 14 तारखा, 'चौथा' म्हणजे 22 ते 28. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या ओळींशी त्याचा संबंध नाही. 8 ते 14मध्ये येणारा शनिवार हा दुसराच शनिवार असतो, त्यामुळे हिशेब अचूक जुळतो. चौथ्याच्या जागी 'शेवटचा आठवडा' मात्र निवडू नये. ऑगस्ट 2025मध्ये चौथा शनिवार 23 तारखेला होता आणि शेवटचा 30 तारखेला. तसं करणाऱ्याची बँक 23ला रिकामी असताना थंडगार राहिली असती आणि 30ला ग्राहक घामाघूम झाले असते.

आता गणपती. 2024 साली 7 सप्टेंबर, 2025 साली 27 ऑगस्ट, 2026 साली 14 सप्टेंबर. आधी 354 दिवसांचं अंतर, मग 383 दिवसांचं, कारण 2026मध्ये अधिक ज्येष्ठ आला. भाद्रपद शुद्ध चतुर्थी, तीही मध्यान्हाला असलेली, हा नियम सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनावर चालतो. कंट्रोलरच्या कॅलेंडरला वर्ष, महिना, तारीख आणि वार एवढंच कळतं. चंद्र त्याच्या हिशेबातच नाही. एका हुशार तरुण इंजिनिअरने मला मागे सुचवलं होतं की दर 19 वर्षांनी तिथी त्याच तारखेला येते, तर 19 वर्षांचा तक्ता भरून मोकळं व्हावं. जवळजवळ येते, हे खरं. पण 2007ची गणेश चतुर्थी 15 सप्टेंबरला होती आणि 2026ची 14ला. एका दिवसाची चूक म्हणजे नेमकी सुट्टी चुकणं. गौरी तर तिथीवरही नाहीत. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. आणि शिमग्याला पालखी कोणत्या दिवशी दारात येणार, हे गावागणिक वेगळं.

त्यात आपण रत्नागिरीकर. लोकमान्यांचा जन्म इथला, 1856चा, आणि टिळक पंचांग पाळणारी घरं या जिल्ह्यात अजून आहेत. त्या पंचांगाचा अयनांश (राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, तो कोन) इतर पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा, त्यामुळे अधिक महिना कधीकधी वेगळ्याच ठिकाणी पडतो. 2023 साली बाकीच्यांचा अधिक श्रावण होता, टिळक पंचांगात तो नव्हता. त्या घरांत गणपती 20 ऑगस्टला बसले, इतरत्र 19 सप्टेंबरला. एकाच मजल्यावरच्या दोन कार्यालयांत माणसं वेगवेगळ्या महिन्यांत रजेवर गेली असतील, तर इमारतीने कुणाचं ऐकायचं?

माझं उत्तर स्पष्ट आहे. सॉफ्टवेअरला पंचांग शिकवण्याच्या फंदात पडू नका. तिथी काढणारा प्रोग्रॅम लिहिता येतो, अवघडही नाही. पण सुट्टी तिथीने लागत नाही, अधिसूचनेने लागते. सार्वजनिक सुट्ट्यांची पुढच्या वर्षाची यादी राज्य सरकार राजपत्रात काढतं, स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि त्यातही बदल होतात. 2025मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती 5 सप्टेंबरऐवजी 8 सप्टेंबरला केली. बाकी महाराष्ट्रात 5च राहिली. मुख्य कार्यालय मुंबईत आणि शाखा रत्नागिरीत असेल, आणि दोन्हीकडे मुंबईतूनच एक कॅलेंडर ढकललं जात असेल, तर कोणतंही पंचांग तुम्हाला वाचवणार नव्हतं.

म्हणून कॅलेंडर ऑब्जेक्ट वेगळे करा आणि प्रत्येकाला एक मालक द्या. या इमारतीसाठी मी चार करीन : न बदलणाऱ्या तारखांच्या सुट्ट्या, राजपत्रातल्या बदलत्या सुट्ट्या, बँकेचे शनिवार, आणि गणपती ते गौरी विसर्जन हा सलग पट्टा. 2025मध्ये तो 27 ऑगस्ट ते 2 सप्टेंबर होता. शेड्यूल कितीही असोत, सगळी या चारांकडेच बोट दाखवतील. वर्षाला दोन कॅलेंडरं बदलायची, अर्ध्या तासाचं काम. मी पाहिलेल्या एका इमारतीत हीच यादी प्रत्येक एएचयूच्या (मजल्यावर थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) शेड्यूलमध्ये सुटी सुटी टाइप केलेली होती. एक एएचयू राहून गेला, आणि गौरीपूजनाच्या दिवशी रिकाम्या मजल्यावर तो एकटाच दिवसभर फिरत होता.

पट्टा वेगळा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. कार्यालयांसाठी तो सुट्टीचा आहे, हॉटेलसाठी गर्दीचा. चाकरमानी याच दिवसांत येतात. तेव्हा त्याच कॅलेंडरवर कार्यालयाच्या शेड्यूलमध्ये 'बंद' लिहायचं आणि हॉटेलच्या शेड्यूलमध्ये पहाटे लवकर सुरू होऊन मध्यरात्रीनंतरही चालणारं लॉबीचं वेळापत्रक. (मध्यरात्र ओलांडणारा तुकडा दोन दिवसांत तोडून लिहायचा, ते दुसऱ्या लेखांकात झालंच.) अपवाद म्हणजे सुट्टीच, ही समजूत फार पसरली आहे. 31 मार्च 2024 हा रविवार होता, तरी सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेच्या सूचनेने उघड्या होत्या. तिथे अपवाद 'चालू' असा लागतो.

आणि आता पत्रातली दुसरी तक्रार : "गेल्या वर्षी तारीख बरोबर भरली होती, तरी पहाटे सहाला जिन्यातले आणि मजल्यावरचे दिवे लागलेच." हे असं होतं. आठवड्याच्या वेळापत्रकात सफाईसाठी 6:00ला दिवे चालू, 9:15ला एसी चालू, 18:30ला सगळं बंद. सुट्टीच्या अपवादात लिहिलं होतं '9:00, बंद'. आता पहाटे सहाला कंट्रोलर काय करतो? आधी अपवादात बघतो, की या क्षणापर्यंत लागू झालेली एखादी ओळ आहे का. नऊ वाजायचे आहेत, म्हणून नाही. मग तो खाली आठवड्याच्या वेळापत्रकात उतरतो, तिथे '6:00, चालू' सापडतं, दिवे लागतात. तीन तासांनी अपवाद जागा होतो आणि ते विझतात. इलाज एका ओळीचा : अपवादाची पहिली नोंद 00:00ची हवी. आणि ज्याने नुसती तारीख टाकली, वेळेची एकही ओळ दिली नाही, त्याचा अपवाद असून नसल्यासारखा. कंट्रोलर दिवसभर नेहमीच्याच वेळापत्रकाने चालतो आणि स्क्रीनवर सुट्टीची तारीख मात्र रंगीत दिसत राहते.

पत्रलेखकाने आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांनी एवढं करावं. पुढच्या वर्षाची राजपत्रातली यादी हाती आली की त्याच आठवड्यात बदलती कॅलेंडरं भरावीत, 31 डिसेंबरची वाट पाहू नये. ज्याने भरली त्याचं नाव आणि तारीख पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवावी. मग कंट्रोलरची, जोडलेली यंत्रं आधी सांभाळून, तारीख पुढच्या चतुर्थीच्या पहाटे 5:55वर नेऊन दहा मिनिटं जिन्यात उभं राहावं. दिवे लागले नाहीत तर नोंद बरोबर आहे. तपासून झाल्यावर तारीख पुन्हा आजची करायला विसरू नका. ऑप्टिमम स्टार्ट पुढच्या आठवड्यात घेऊ. त्यासाठी तुमच्या इमारतीतलं सकाळी सात ते दहाचं खोलीचं तापमान दर पंधरा मिनिटांनी नोंदवून ठेवा, ते आकडे लागतील.